पाच ते सहा

ऑफिसात धाकटीला सगळे 'पूल' म्हणायचे, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटायचं नाही. वर्षाच्या शेवटी तिला काचेचं एक सन्मानचिन्ह दिलं, त्यावरसुद्धा हेच कोरलेलं होतं. टाळ्या झाल्या, केक कापला, फोटो निघाले. आता पुलावरून बाकीचे खुशाल ये-जा करतात आणि पूल बिचारा आहे तिथेच उभा असतो, हे टाळ्या वाजवणाऱ्यांना कोण सांगणार? धाकटीनेही ते चिन्ह घरी आणलं, कपाटावर ठेवलं, आणि दुसऱ्या दिवशी पावणेपाचला पुन्हा बैठकीच्या काचेच्या खोलीत जाऊन बसली.

कंपनी लिफ्ट दुरुस्त करणाऱ्यांसाठी ॲप बनवायची. कुठल्या इमारतीतली लिफ्ट अडकली, जवळपास कोण मेकॅनिक आहे, त्याच्या पिशवीत लागणारा भाग आहे की नाही, असलं सगळं त्यात दिसायचं. ते बनवणारे अकरा जण इकडे, तिसऱ्या मजल्यावर. आणि नऊ जण तिकडे, समुद्रापलीकडे, जिथे इकडची संध्याकाळ झाली की सकाळ व्हायची. इकडचे घरी जायच्या घाईत आणि तिकडचे नुकते तोंड धुऊन आलेले, असा दिवसातला एकच तास दोघांच्या वाट्याला यायचा. पाच ते सहा. त्यात रोजची 'पंधरा मिनिटांची उभी बैठक' व्हायची. सगळ्यांनी उभं राहायचं, म्हणजे पाय दुखले की माणसं आटोपतं घेतात, असा त्यामागचा विचार. पण पहिल्याच महिन्यात सगळे खुर्च्यांवर टेकले आणि पंधरा मिनिटांचा तास झाला. नाव मात्र 'उभी'च राहिलं.

काम दोन-दोन आठवड्यांच्या तुकड्यांत चालायचं. तुकड्याला म्हणायचे स्प्रिंट. सुरुवातीला दोन्हीकडच्यांनी आपापल्या कामांना आकडे द्यायचे: सोपं असेल तर दोन, जरा डोकेदुखी असेल तर पाच, घाम फोडणारं असेल तर आठ किंवा तेरा. मग त्या आकड्यांच्या हिशेबाने कबूल करायचं, की दोन आठवड्यांत एवढं देऊ. दोन्हीकडचे आकडे धाकटीकडे यायचे, ती ते सगळ्यांना दिसणाऱ्या तक्त्यात भरायची. कबूल केलेलं आणि दिलेलं असं तीन वर्षं बरोब्बर जुळत होतं. इतर गटांचे साहेब येऊन विचारायचे, बाबांनो, तुम्हाला हे जमतं तरी कसं?

साहेब म्हणायचे, "आमच्याकडे पूल आहे."

हे असंच चाललं असतं, पण चार महिन्यांपूर्वी ताईची वाचा गेली.

ताई म्हणजे धाकटीची थोरली बहीण, वयाने चौदा वर्षांनी मोठी. आई गेल्यावर धाकटीला तिनेच वाढवलं. ताई बायकांना गाडी चालवायला शिकवायची, आणि तिचा आवाज असा खणखणीत, की शिकणाऱ्या समोरून येणाऱ्या ट्रकला कमी आणि शेजारी बसलेल्या ताईला जास्त घाबरायच्या. "अगं बाई, ब्रेक म्हणजे पाय ठेवायचं पायदान नव्हे!" हे अर्ध्या शहराने ऐकलेलं. तिला गप्प बसवणारा माणूस जन्माला आला नव्हता. मग एका सकाळी मेंदूत रक्ताची गुठळी झाली, उजवा हात लुळा पडला आणि बोलणं गेलं. समजायचं सगळं. डोळ्यांतली धग तीच होती, पण तोंडातून नुसता 'अं' यायचा.

बोलायला शिकवणाऱ्या बाई होत्या, त्यांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं. "पहिले सहा महिने महत्त्वाचे. पुढे येत नाही असं नाही, पण जे यायचं ते मुख्यतः यातच येतं. आणि नुसतं माझ्यासमोर बसून भागणार नाही. घरचं माणूस समोर हवं. जिच्याशी बोलायची ओढ आहे, अशी कुणीतरी."

"मी येईन," धाकटी म्हणाली. "कधी यायचं?"

बाईंनी वही उघडली. एकच जागा रिकामी होती. संध्याकाळी पाच ते सहा.

धाकटीला हसावं की रडावं कळेना. दुसरी वेळ? नाही, यादी लांब आहे. शनिवार, रविवार? बंद. शेवटी ताईला सांभाळणाऱ्या मावशींना पाठवायचं ठरलं. मावशी गोड बाई, जीव लावणाऱ्या, पण ताई त्यांच्यासमोर ओठ घट्ट मिटून बसायची. परक्या बाईसमोर तोंड वेडंवाकडं करून 'पा-पा-पा' म्हणायचं? ताई? मरेन पण म्हणणार नाही, असं तिच्या चेहऱ्यावर लिहिलेलं असायचं. असे साडेतीन महिने गेले.

मग धाकटी साहेबांकडे गेली. साहेब तसे भले माणूस. त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला, ऐकून घेतलं, डोळे पुसायला कागदी रुमालही दिला.

"वेळ बदलता येईल?" तिने विचारलं.

"तिकडचे पहाटे उठतील का? आणि इकडच्यांना आठपर्यंत बसवलं तर निम्मे राजीनामे देतील."

"मग दुसऱ्या कुणाला बसवा."

साहेबांनी पेन बोटांत फिरवलं. "असं करू. हा पुढचा स्प्रिंट तुझ्याशिवाय करून बघू. दोन्हीकडचे थेट बोलतील, तू मध्ये पडायचं नाही. कबूल केलेलं सगळं दिलं, तर तू पाचच्या बैठकीतून कायमची मोकळी. माझा शब्द."

धाकटी जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरली. तळमजल्यावर पोचेपर्यंत आनंदात होती. आणि तिथे, दुचाकीला किल्ली लावताना, ती थांबली. तिला आकडे आठवले.

आता हे आकड्यांचं प्रकरण नीट सांगायला हवं, कारण तीन वर्षं तिने ते कुणालाच सांगितलं नव्हतं. इकडच्यांचा म्होरक्या होता काका. वय पंचेचाळीस, पण त्या पोरांत तोच म्हातारा. काकाने पूर्वी कुठेतरी वेळेत काम न झाल्याचा मार खाल्ला होता, त्यामुळे त्याच्या गटाचा प्रत्येक आकडा फुगवलेला. बटणाचा रंग बदलायचा? आठ! तिकडच्यांचा म्होरक्या होता दाढी. सगळे त्याला त्याच्या दाढीवरूनच ओळखायचे. तो उत्साहाचा नुसता धबधबा. त्याला डोंगर उचलायला सांगितला तरी म्हणणार, तीन.

पहिल्या स्प्रिंटला धाकटीने हे आकडे जसेच्या तसे भरले, आणि पार फज्जा उडाला. दुसऱ्या वेळी तिने काकाचे आठ होते तिथे गुपचूप पाच केले आणि दाढीच्या तीनचे आठ केले. काकाने विचारलं, "हे पाच कुणी केले?" ती म्हणाली, "तिकडचे म्हणतात, पाचचंच आहे." दाढीने विचारलं, तेव्हा म्हणाली, "इकडचे म्हणतात, यात खाचाखोचा आहेत, आठ धरा." दोघांनाही पटलं. समोरचा बघतोय म्हटल्यावर काकाला ताणायची लाज वाटली आणि दाढीला बढाई मारायची. स्प्रिंट झकास पार पडला. पेढे वाटावेत इतकं कौतुक झालं. मग तेच तिचं रोजचं काम होऊन बसलं. तिकडच्यांनी इकडच्यांच्या कामाबद्दल तीन वर्षांत एक अक्षर काढलं नव्हतं, आणि इकडच्यांनी तिकडच्यांच्या. जे काही 'म्हणणं' होतं, ते सगळं हिचं एकटीचं.

पण त्या संध्याकाळी तिने मनाची समजूत घातली. तीन वर्षांत काहीतरी शिकलेच असतील की! मोठी माणसं आहेत. आणि सोमवारी पाचला ती ताईला घेऊन बाईंकडे गेली.

खोली लहानशी. एक टेबल, भिंतीला मोठा आरसा, चित्रांची कार्डं: पेला, किल्ली, खुर्ची, दार. ताईने धाकटीला समोर बसताना पाहिलं आणि तिच्या ओठांची घडी सुटली. बाई म्हणाल्या, एकपासून मोजूया, पाठ असलेलं आधी येतं. धाकटी "एक" म्हणाली. ताईने तोंड उघडलं, 'अं' निघाला. पुन्हा. पुन्हा. धाकटी मुद्दाम तिच्यासारखं ओरडली, "अगं बाई, पाय उचल ब्रेकवरून!" आणि ताई हसली. चार महिन्यांत पहिल्यांदा, एका बाजूने वाकडं, पण खदखदून हसली. तिचं बघून धाकटीही हसत सुटली, आणि बाईंनी पाणी दिलं तेव्हा कळलं की ती रडतही होती.

गुरुवारपर्यंत "ए" आला. पुढच्या सोमवारी दोघी मिळून चारपर्यंत पोचल्या. एकटीला जमत नव्हतं, पण धाकटीच्या आवाजाला आवाज लावून ताई "चा" म्हणायची, आणि "र" गिळायची. "तुमच्याबरोबर येतंय," बाई म्हणाल्या. "आता खंड पडू देऊ नका." धाकटीने मान हलवली. एवढं सुख तिला कित्येक दिवसांत मिळालं नव्हतं.

इकडे ऑफिसात मात्र नाटकच चाललं होतं. पहिल्या दिवशी काका सवयीने "आठ" म्हणाला आणि तिकडचे आता काय म्हणतात याची वाट बघत थांबला. तिकडचे काहीच म्हणाले नाहीत. ते कशाला म्हणतील? दाढी "तीन" म्हणाला आणि थांबला. इकडेही कुणी हूं की चूं केलं नाही. दोघांनाही वाटलं, चला, आज समोरच्याने मान्य केलं! इकडच्यांनी पाच कामं घेतली आणि तिकडच्यांनी अठरा. धाकटीने तो तक्ता फोनवर पाहिला. आकडे बदलायला अर्धं मिनिट लागलं असतं. अंगठा पडद्यावर नेऊन तिने मागे घेतला. आज बदलले तर मोकळी होईन, पण पुढच्या स्प्रिंटला कोण बदलणार? पुन्हा मीच.

आठव्या दिवशी इकडच्यांची कामं संपली आणि काका कॉफी घेऊन खिडकीत उभा राहू लागला. तिकडच्यांची अठरातली पाच झाली होती. दाढीची माणसं जेवण सोडून बसली होती, आणि त्यात काकाने थट्टेने लिहिलं, "अजून तीनच आहे का?" मग जे काही पेटलं! तीन वर्षांचं सगळं बाहेर आलं. तुम्हीच तर आमचे आकडे कापायचात! आम्ही? आम्ही कधी कापले? तुम्हीच आमच्यात खोट काढायचात! साहेबांचा फोन आला तेव्हा ताई "चा" म्हणत होती.

"उद्या पाचला ये," साहेब म्हणाले. "फक्त उद्या."

धाकटीने त्या रात्री ठरवलं, खरं सांगायचं. नोकरी गेली तर गेली. पण काकाला कळलं की आपण फुगवतो, आणि दाढीला कळलं की आपण बढाया मारतो, तर पुलाची गरजच काय उरली? ज्याचं त्याने सुधारावं. हा विचार इतका सरळ आणि शहाणा होता, की तिला शांत झोप लागली.

दुसऱ्या दिवशी पाचला तिने काचेच्या खोलीत पडद्यावर स्वतःची वही लावली. डावीकडे त्यांनी दिलेले आकडे, उजवीकडे तिने भरलेले. तीन वर्षांचे. "तिकडचे कधीच काही म्हणाले नव्हते," ती इकडच्यांना म्हणाली. पडद्यातल्या नऊ चेहऱ्यांना म्हणाली, "आणि इकडचेही नाही. मीच म्हणत होते. चूक माझी. पण आता बघा, तुम्ही कुठे चुकता ते स्वच्छ दिसतंय. काका, तुझ्यातून तिसरा भाग काढायचा. दाढी, तुझं दुप्पट करायचं, वर थोडं. एवढंच आहे. माझी काही गरज नाही."

मग काका हसायला लागला. हसता हसता त्याने टेबलावर थाप मारली. "तीन वर्षं! बया, तीन वर्षं आम्हाला वाटायचं ते खडूस आहेत!" पडद्यात दाढी उभा राहिला होता, खरंच उभा. त्याचे डोळे भरले होते. "तू आम्हाला सांभाळलंस," तो म्हणाला. "आम्हाला कळलंसुद्धा नाही." तिकडून टाळ्या सुरू झाल्या, मग इकडून.

"ते राहू द्या," धाकटी घाईने म्हणाली. "पुढच्या स्प्रिंटचे आकडे तुम्ही आत्ता करून बघा ना."

"छे, छे," काका म्हणाला. "आता कळल्यावर माझ्या आकड्यावर माझाच भरवसा नाही. तूच सांग. यादीतलं पहिलं, किती धरू?"

"आमचंही," दाढी म्हणाला.

ती "नाही" म्हणणार होती. म्हणालीही. पण वीस माणसं तिच्याकडे अशी बघत होती, की तिने यादीतलं पहिलं काम वाचलं, फक्त दाखवण्यापुरतं, आणि तोंडातून निघून गेलं, "पाच." काकाने लिहून घेतलं.

साहेबांनी तिला खोलीबाहेर गाठलं. रागावतील असं तिला वाटलं होतं. रागावले असते तर बरं झालं असतं! "मला नुसती शंका होती," ते म्हणाले, "आता पुरावाच दिलास. तुझ्याशिवाय हे होणार नाही, हे दोन आठवड्यांत सिद्ध झालं. आणि ऐक, पुढच्या महिन्यात तिसरा गट येतोय, आणखी लांबचा. त्यांचे आकडेही तुझ्याकडेच." पगारवाढीचंही काहीतरी बोलले. ते तिला नीट ऐकूच आलं नाही.

"साहेब, माझी ताई."

"अगं, मी काय राक्षस आहे? ऑफिसातच बसायला हवं असं कुठे आहे? तिच्याजवळ बस. लॅपटॉप घे, कानात ते लाव. तिकडचंही होईल, इकडचंही होईल. दोन्ही साधेल, बघ." आणि त्यांनी तिच्या खांद्यावर खरोखर मायेने थोपटलं. या माणसाशी भांडायचं तरी कसं?

मध्ये आठ दिवस मावशीच गेल्या, कारण तिसऱ्या गटाची तयारी होती. नवव्या दिवशी धाकटी बाईंकडे आली, मांडीवर लॅपटॉप आणि उजव्या कानात इअरफोन. बाईंनी कपाळाला आठ्या घातल्या. ताई वाट बघत होती. कुणीतरी तिचे केस नीट विंचरले होते.

"एक," धाकटी म्हणाली.

"ए," ताई म्हणाली.

"दोन, नाही, एक मिनिट," धाकटी म्हणाली आणि पडद्याकडे वळली. "तेरा नको, आठ धरा. हो. हो, दाढीला सांगा. हं ताई, दोन."

ताईने तोंड उघडलं आणि धाकटीचे ओठ पुन्हा भलत्याशीच बोलू लागले. ताईने तोंड मिटलं. असं पहिल्या दिवशी झालं. दुसऱ्या दिवशी तेच. बाईंनी एकदा लॅपटॉपचं झाकण हलकेच खाली केलं, धाकटीने "सॉरी, सॉरी" म्हणत पुन्हा वर केलं. सहा महिने भरायला आता पाच आठवडे उरले होते. हे तिला माहीत होतं. रोज सकाळी उठल्यावर ती तेवढंच मोजायची.

तिसऱ्या दिवशी नवा गट पहिल्यांदाच बैठकीत आला होता, त्यामुळे कानात नुसता गलका. बाईंनी पेल्याचं कार्ड उचललं. धाकटी कार्डाकडे बघत होती, ताईकडे बघत होती, आणि सांगत होती, "तुमचं पाच नाही, मी नंतर समजावते, आत्ता आठ लिहा."

ताईने टेबलावर डावा हात आपटला. कार्डं खाली सांडली. तिचा चेहरा लाल झाला होता, मानेची शीर ताठ झाली होती, ओठ थरथरत होते, आणि त्या ओठांतून आवाज नुसता निसटला नाही, अख्खा शब्द आला.

"जा."

बाई खुर्चीतून उठल्याच. "ऐकलंत? ऐकलंत ना? किती स्वच्छ! अहो, पहिला शब्द!" त्यांनी पटकन फाइल ओढली, तारीख घातली, वेळ घातली. "पुन्हा म्हणा बरं. पुन्हा."

ताईने दाराकडे बोट केलं. "जा," ती म्हणाली. त्यात थट्टा नव्हती. एवढ्या महिन्यांत तिला धाकटीला जे सांगायचं होतं, ते हेच होतं. सांगून झाल्यावर तिने तोंड आरशाकडे फिरवलं.

धाकटीला वाटलं, हा लॅपटॉप उचलावा आणि भिंतीवर फोडावा. ताईच्या पायाशी बसावं. म्हणावं, ताई, नाही गं जात, कुठे जाऊ? पण कानात साहेबांचा आवाज आला, पाठोपाठ काकाचा, मग कुणीतरी नवा, सगळे एकाच वेळी विचारत होते. आहेस ना? आवाज येत नाहीये. आम्ही सगळे थांबलोय.

ती उठली. दार लोटून बाहेर आली, बाकाशेजारी उभी राहिली आणि लॅपटॉप हातावर पेलला.

"आहे," ती म्हणाली. "बोला."